आनंदीची रिकामी पाकिटं

आमच्या सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीत क्लॉडिया लोबो बसते. रांगेतली माणसं तिच्यासमोर आली की आधीच घसा साफ करतात, कारण उलटतपासणी ठरलेली! "रिकामी पाकिटा हाडलंस? दाखय. दुसऱ्या डॉक्टराची गोळी घेतंस?" उत्तरं मिळेपर्यंत औषध हलायचं नाही.

मी किशोरी, इथलीच नर्स. कितीदा सांगितलं असेल तिला, "अगो, माणसा आजारी आसत, चोर नाय."

"चोराक तरी म्हायत असता आपण काय चोरल्यान ता," ती म्हणायची. "ह्यांका आपण काय गिळला ताच म्हायत नसता."

खोटं नव्हतं. आमच्याकडे गोळ्या लोणच्यासारख्या शेजारी जातात. 'माका बरा वाटला, तूय घे!' एकदा अशीच शेजारणीची गोळी खाणारी म्हातारी सापडली, तर हिने सगळ्यांदेखत तिच्या हातातली पुडी काढून कचऱ्यात टाकली. म्हातारी रडत घरी गेली. मला इतका राग आला, दोन दिवस मी हिच्याशी बोलले नाही. त्या दिवशी रांगेत आनंदीही होती.

आनंदी म्हणजे क्लॉडियाची शाळेपासूनची मैत्रीण. नाताळात हिच्या घरच्या नेवऱ्या तिकडे, चवथीला तिचे मोदक इकडे. आनंदीच्या हृदयाचे ठोके बिघडले, तेव्हा डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू केली. क्लॉडियाने तिला खिडकीतून नाही, आत बसवून सांगितलं, "ही जास्त झाली तर आतल्या आत रक्त जाता, कळणाय नाय. दुसरा काय घेवचा झाला तर आधी माका इचार."

दर महिन्याला आनंदी यायची, रिकामी पाकिटं मांडायची.

"दुसरा काय घेतंस?"

"नाय गो बाय. तुझीच घेतंय."

श्रावणात शेजाऱ्यांनी तिला बेशुद्ध आणली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झालाय. कणकवलीला न्यायला गाडी काढली, पण आनंदी दारातच गेली. क्लॉडिया खिडकी टाकून धावत आली नि माझ्यावरच खेकसली, "काय खाल्ल्यान होता? इचारलंस?" कुणाला विचारणार? आनंदी घरात एकटीच राहायची.

कार्य आटोपल्यावर तिचा मुलगा गुरुदास दवाखान्यात आला. ठाण्याला नोकरी करतो, सालस पोर. हातात प्लास्टिकचा डबा होता.

"मावशे, आयेच्या गोळये उरलेत. म्हागाच्या आसत. कोणा गरिबाक दी."

क्लॉडियाने डब्यातलं पाकीट उचललं नि मागची बारीक अक्षरं वाचली. मीही वाकून वाचली. नाव कंपनीचं, वेगळं. आत औषध तेच. तीच रक्त पातळ करायची गोळी.

"मे म्हयन्यात आयेक ठाण्याक दाखयली," गुरुदास सांगत होता. "तेव्हापासून मीच धाडी. तिका सांगितलंय, सरकारी बंद कर. हो म्हणाली."

बंद? क्लॉडियासमोर महिन्याच्या महिन्याला रिकामी पाकिटं येत होती! मुलगा दुखावेल म्हणून त्याला सांगितलं नाही, क्लॉडिया ओरडेल म्हणून तिला सांगितलं नाही. दोघांचा मान ठेवायला गेली माझी बाई.

गुरुदासने खिशातून फोन काढला. "रोज सांजेक व्हिडिओ कॉल करी मी. आये, गोळी घेतलंस? ती पाकीट दाखयी. मावशे, घेयत होती मा गो ती? चुकवक नाय मा?"

क्लॉडियाने डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला. मला वाटलं, आता ही बोलणार. तिने कुणाला कधी सोडलंय?

"नाय रे बाबा," ती म्हणाली. "एकय चुकवक नाय."

त्याने डोळे पुसले, वाकून तिच्या पायांना हात लावला नि एसटी गाठायला गेला.

खिडकीबाहेर रांग खोळंबली होती. क्लॉडिया औषधांच्या खोक्यावर बसून राहिली. "माका भियाली गो ती," एवढंच म्हणाली नि रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिली नव्हती. मलाही रडू येत होतं, नि रागही.

"मगे त्येका खोटा कित्या सांगितलंस?" मी विचारलं.

"खोटा खंय सांगितलंय?" ती म्हणाली. "खराच चुकवक नाय तिना. त्येचीय नाय नि माझीय नाय."