मऊभातासाठी गाऱ्हाणं

मैत्रिणींनो, कालपर्यंत मिटक्या मारत मऊभात खाणारी आमची दहा महिन्यांची चिऊ आज चमचा दिसला की तोंड गच्च मिटून बसते!

डॉक्टर फोनवर म्हणाले, "दात येतायत, घाबरू नका." मी घाबरलेच. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. नवऱ्याने चमच्याचं विमान उडवलं, ते माझ्या केसांत उतरलं.

शेवटी सासरे उठले. गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं तेच घालतात. इथे मांडवीतल्या आमच्या घरात, चिऊच्या खुर्चीपुढे हात जोडून खड्या आवाजात सुरू झाले, "बा देवा महाराजा! ह्या लेकराच्या घासाला जी काय पीडा आडवी आली आसंल, ती दूर कर रे महाराजा!"

सवयीने आम्ही सगळे ओरडलो, "व्हय महाराजा!"

चिऊ खदखदून हसली. तोंड उघडलेलं दिसताच मी चमचा आत सारला. मग काय, सासऱ्यांनी ग्रामदेवतेपासून शेजारच्या मांजरापर्यंत सगळ्यांना साकडं घातलं आणि वाटी रिकामी झाली!

चिऊ जेवली म्हणून आता सगळं घर निवांत घोरतंय. मी एकटी गार भात कालवतेय. सकाळपासून पोटात फक्त चहा आहे, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तुमच्याकडे आईच्या घासासाठी गाऱ्हाणं कोण घालतं गं?