बरणीतली दाढ

केळापूरच्या डॉ. आरिफाने बारा वर्षं दातच उपटले. कापसाला भाव नाही, दाढ वाचवायला चार खेपा कोण घालणार, असं पेशंट म्हणत. मग तीही म्हणू लागली.

बोंडअळीच्या सालात, चाळिशीत, तिने दाताच्या मुळांवरच्या उपचारांचा कोर्स धरला. व्याख्यानं मोबाईलवर, प्रात्यक्षिक महिन्यातून एक रविवार नागपुरात. सरावाला उपटलेले दात लागत. ते तिच्याकडे बरणीभर होते.

त्यातल्या एका दाढेचं वाकडं मूळ तिने लगेच ओळखलं. ती रुखमाबाईची होती.

"वाचवता नाई येत का वो, म्याडम?" रुखमाबाईने विचारलं होतं. आरिफाने नीट न बघताच पक्कड उचलली होती.

आज मूळ आतून साफ करायची बारीक सुई त्या वाकड्या मुळाच्या टोकापर्यंत सहज गेली. तिने कोर्सच्या सरांना फोटो पाठवला.

उत्तर आलं, "शाब्बास! दाढ वाचली."