नकाशातली पुलिया

त्या वर्षी मध्यभारत मोडून मध्यप्रदेश व्हायचा होता, आणि इंदरगंजमधल्या बाबांच्या दफ्तरात कुणालाच आपलं टेबल आपलं वाटत नव्हतं. बाबा बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. त्यांच्या हाताखालचे दोघेही आधीच भोपाळला रवाना झाले होते. त्यामुळे भादव्यात बिर्लानगरच्या पलीकडे नाल्याला पूर आला आणि पडलेल्या घरांची यादी करायचा हुकूम निघाला, तेव्हा बाबांबरोबर जायला माणूसच उरला नव्हता. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. नकाशात शाई भरायला बाबांनीच मला शिकवलं होतं. साहेबांची परवानगी काढून ते मलाच घेऊन निघाले. आपल्या घरातल्या मुली असं चिखलात हिंडत नाहीत, असं आई म्हणाली, आणि तरी डबा भरून दिला. टांग्यात बसले तेव्हा मला इतका आनंद झाला होता की मांडीवरची मोजपट्टी मी उगाचच दोनदा उलगडून गुंडाळली.

वस्ती दिसली आणि त्या आनंदाची लाज वाटली. मातीची घरं होती, ती गुळासारखी विरघळली होती. कुठे नुसती चौकट उभी, कुठे चूल आणि तिच्यावर कोसळलेलं छप्पर. माणसं बहुतेक गिरणीतली, बाहेरगावाहून आलेली. त्यांच्यात एक बाई होत्या, चाळिशीच्या, गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात कामाला. पाणी चढलं तेव्हा त्यांनी चार धोतरं एकमेकांना बांधून म्हाताऱ्यांना टेकाडावर ओढून घेतलं होतं, असं सगळे सांगत होते. बाबांनी वही उघडली तशा त्या पुढे आल्या.

"लिस्ट तो पिछली बार भी बनी थी, बाबूजी," त्या म्हणाल्या. "घर फिर यहीं बना, फिर गिर गया."

बाबांनी वही मिटली. त्यांना वाद घालायची सवय नव्हती. पाणी कुठून आलं, एवढंच त्यांनी विचारलं. नाल्याच्या बाजूने आलं असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. बाई म्हणाल्या, नाही, आधी मागून आलं, जुन्या सडकेच्या बाजूने. तिथे साचत गेलं, मग वस्तीत शिरलं. त्यांनी कडुलिंबाच्या खोडावर अडकलेला काडीकचरा दाखवला. पाणी माझ्या खांद्यापर्यंत चढलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दफ्तरातून तिपाईवरची दुर्बीण आणली, जमिनीचा चढउतार मोजायची. दुर्बिणीला डोळा कुणी लावायचा, हे त्यांनी न बोलता ठरवलं होतं. ते बाजूला झाले आणि मला म्हणाले, बघ. त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. आकडे लिहिलेली लांब पट्टी घेऊन बाई उभ्या होत्या, त्या मला आभाळाला पाय लावून उभ्या असलेल्या दिसल्या. मला हसू फुटलं. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा मी त्यांनाही बघायला दिलं. मग वस्तीतल्या बायकांची रांगच लागली. बाबा घड्याळ बघत राहिले, पण रागावले नाहीत.

चार दिवस आम्ही पाण्याच्या खुणा मोजत होतो. जी भिंत उभी असेल तिच्यावर बाई गेरूची रेघ ओढत, मी आकडा लिहून घेई. संध्याकाळी घरी येऊन मी ते आकडे कागदावर मांडले, आणि बाईंचं म्हणणं खरं निघालं. जुन्या सडकेला लागून पाणी सगळ्यात उंच चढलं होतं. सडकेचा बांध पाणी अडवत होता. पण ज्यांनी सडक बांधली त्यांना पाण्याची वाट ठेवायचं सुचलं नसेल, हे बाबांना पटेना.

दफ्तरात तेव्हा जुने नकाशे पेट्यांत भरणं चाललं होतं. दरबारच्या, म्हणजे संस्थानी काळातले कपड्यावर चिकटवलेले नकाशे, कुणी नीट बघतही नव्हतं. बाबांनी साहेबांना विचारून मला त्या ढिगापाशी बसवलं. दीड दिवस मी धूळ खाल्ली. मग ती सडक सापडली, आणि सडकेवर कडुलिंबाच्या अंगाला दोन बारीक चंद्रकोरी काढलेल्या होत्या. पुलिया! रस्त्याखालून पाणी जायची दगडी कमान. सडकेवर ती कुठेच दिसत नव्हती, म्हणजे मातीकचऱ्याने बुजली होती. त्या खोलीत मी बाबांना इतक्या जोरात हाक मारली की पेट्यांना खिळे ठोकणारा थांबला.

पुलिया मोकळी करायची म्हणून बाबा साहेबांकडे गेले. साहेब भले माणूस होते, पण हात बांधलेले. ही सडक दरबारची, ती मध्यभारताच्या यादीत आली नाही, नव्या राज्याची यादी अजून व्हायची आहे, असं त्यांनी सांगितलं. कागद भोपाळला जाईल, तिथून हुकूम येईल. बाबांनी हे वस्तीत जाऊन जसंच्या तसं सांगितलं. मान खाली घालून सांगितलं.

बाई म्हणाल्या, "मिट्टी-कचरा हमने डाला है. निकालने के लिए किसका हुकुम चाहिए?"

गिरणीला सुट्टी होती त्या दिवशी सगळी वस्ती फावडी-घमेली घेऊन सडकेवर आली. बाबांनी पावलं मोजून जागा दाखवली. सकाळी नुसती माती निघाली. दुपारी राख, खापरं, एक मोडकी खाट. लोक थकायला लागले आणि मला धास्ती वाटू लागली, की माझा आकडा चुकला असेल. मग एकाचं फावडं खणकन वाजलं. सगळे तिकडे धावले. हातांनी माती उपसली तर घडवलेला दगड, त्याला लागून दुसरा, तिरका. कमान! बाईंनी गुडघ्यावर बसून पदराने तो दगड पुसला. मी कोपरापर्यंत चिखलात होते आणि ओरडत होते, हे मला बाबांनी मागाहून सांगितलं.

दुसरी कमानही मोकळी झाली, आणि हिवाळाभर घरं उभी राहिली. जोत्याला तिकडे कुर्सी म्हणतात. 'कुर्सी रेघेच्या वर', एवढं एकच ठरलं होतं. खाणीवर टाकून दिलेला खंडा, म्हणजे ओबडधोबड दगड, बैलगाड्यांनी आणला. खालच्या कोपऱ्यातल्या तीन घरांनी जागा सोडली नाही, आणि उंच जोतंही त्यांना जमलं नाही. मी बरंच सांगून पाहिलं. दिवाळीनंतर बाबांचं दफ्तर भोपाळला गेलं, त्याबरोबर बाबा आणि दुर्बीणही; आई आणि मी मागे राहिलो.

पुढच्या श्रावणात दोन दिवस झड लागली. दुसऱ्या दुपारी मी आईला सांगून तडक वस्तीवर गेले. जुन्या सडकेच्या दोन्ही कमानींतून तांबडं पाणी फेसाळत पडत होतं, त्याचा आवाज लांबून ऐकू येत होता. अंगणात पोटऱ्यांइतकं पाणी होतं, पण घरांत बायका चुली पेटवून रोट्या भाजत होत्या. खालच्या तीन घरांच्या भिंती बसल्या होत्या. ती माणसं शेजारच्या जोत्यांवर सामान घेऊन बसली होती. त्यातल्या एका म्हाताऱ्याने मला बघून मान फिरवली, मग परत वळवली आणि बसायला जागा करून दिली.

बाई दिसेनात. नाल्यापलीकडे गेल्यात, असं कळलं. तिकडेही एक वस्ती होती, आम्ही कधी न मोजलेली. पाणी उतरायच्या आत मी वळसा घालून तिथे पोचले. बाई कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून घराघरातल्या बायकांना सांगत होत्या, पाणी थांबलंय तोवर ते जिथे टेकलंय तिथे रेघ मारा, पुढची कुर्सी तिच्या वर. पाण्यासारखं सपाट दुसरं काही नाही, त्याला दुर्बीण कशाला हवी. हे मला का सुचलं नव्हतं? कुणाजवळ गेरू होता, कुणी कोळसा घेतला होता. त्यांनी मला बघितलं आणि हातातला गेरूचा अर्धा खडा मोडून दिला. उजवीकडची घरांची रांग अजून राहिली होती. मी साडी खोचली आणि पाण्यात उतरले.