चढावर दम सोडणारी गाडी

देवावर माझा विश्वास होता, डिझेल गाडीवरचा मात्र गेल्या उन्हाळ्यात पार उडाला. खरं सांगायचं तर त्या दिवसांत दोघांवरचाही डळमळलाच होता. माझ्या मायच्या किडन्या थकलेल्या. पांढुर्ण्याहून तिला डायलिसिससाठी नागपूरला न्यावं लागतं, आणि गाडीनं नेमकं तेव्हाच रुसायचं ठरवलं. सपाट रस्त्यावर ती अशी पळे की वाऱ्यानं मागून हाका माराव्या. पण चढ आला, जरा पाय दाबला, की एकाएकी जोर जाई, मागून काळा धूर निघे, आणि बैलगाडीवाले आम्हाला ओलांडताना वळून घरची खुशाली विचारत. बाजूला घेऊन बंद केली, घोटभर पाणी पिऊन पुन्हा चालू केली, की परत तरणीताठी.

मायनं बंदोबस्त पहिल्या खेपेपासूनच केला होता. जामसावळीच्या निजलेल्या मारोतीचं दर्शन घेतल्याशिवाय ती नागपूरला जात नाही. त्यासाठी आम्ही लांबचा, सौसरवरचा रस्ता धरतो. तिथलं शेंदरी फडकं, एका टोकाला खोबऱ्याचा तुकडा गाठ मारून, तिनं बोनेटच्या आत समोरच्या पट्टीला बांधायला लावलं. आत अशासाठी, की बाहेर बांधलेलं लोकांच्या नजरेत येतं. गाडी रुसली की तिला वाटे फडकं लहान पडलं, मग पुढच्या खेपेला मोठं. सुरुवात रुमालापासून झाली होती. उन्हाळा सरता सरता बोनेटखाली लग्नातला अंतरपाट मावला होता.

आमचे मिस्तरीही काही कमी भाविक नाहीत. बोनेट उघडलं की आधी हात जोडायचे, फडकं सोडून आपल्या देवाच्या फोटोखाली ठेवायचे, मग पाना उचलायचे. त्यांनी डिझेलचा फिल्टर बदलला, टाकी धुतली, पाइपांत कुठून हवा शिरते का पाहिलं, टर्बो चाचपला. ट्रायलला गाडी अशी चढली की हिमालय दिला असता तरी नाही म्हणाली नसती. परत आल्यावर मिस्तरींनी फडकं स्वतःच्या हातानं जागच्या जागी बांधलं आणि म्हणाले, "भाऊ, गाडीत काहीच नाही. तुमच्या मनात आहे."

"मग माझ्या मनाचाच फिल्टर बदला," मी म्हटलं.

हसणं मात्र तिथंच संपलं. पुढच्याच खेपेला सकाळी जामसावळीच्या फाट्याअलीकडच्या चढावर गाडीनं पुन्हा दम सोडला. मी बाजूला घेतली. मायनं काचेबाहेर चढाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबू, मारोती सांगून राहिला, आपणच ऐकून नाही राहिलो. गाडी थकली, मी बी थकली. आता नाही जात मी नागपूरले. वळव गाडी."

"तो तुले सांगते अन् मले नाही सांगत काहून?"

"तू कधी गप बसतं का, तो सांगन म्हनून?"

खेप चुकली तर छातीत पाणी भरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि ही एक चुकली तर माय पुढच्या खेपेला उठणारच नाही, हे मला डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. मी बोनेट उघडलं. फडकं बिचारं शांत लोंबत होतं. मी त्याला हात जोडले; मागायचंही सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळचे शब्द संपले होते, आणि ज्यांना मी माहीत आहे त्यांच्यासाठी चमत्कार इथेच झाला.

मायला उतरवून झाडाखाली बसवलं, तेवढ्यात एक वानर आलं. मायच्या मते ते साधंच होतं, माझ्या मते तालमीतल्या पहिलवानाएवढं. ते थेट इंजिनावर चढलं. मी चप्पल उचलली, तर माय म्हणाली, "हाकलू नोको रे, त्याचंच आहे ते." वानरानं हिसके देऊन फडकं ओढून काढलं, गाठ दातानं सोडली, खोबरं घेतलं, फडकं रस्त्यावर टाकलं आणि मागे न पाहता झाडावर गेलं.

मी फडकं उचललं. शेंदरी कापडावर धुळीचं काळपट गोल कडं उमटलं होतं, वाटीच्या काठासारखं, आणि मधला भाग आत ओढल्यासारखा चुरगळलेला. बोनेटच्या त्या पट्टीशेजारीच इंजिनाची हवा ओढणारं नळकांडं असतं. ते कडं मी त्याच्या तोंडावर धरलं. जसंच्या तसं बसलं. चढावर पाय दाबला की इंजिन जोरानं हवा ओढी, फडकं त्याच्या तोंडावर चिकटे आणि गाडी घुसमटे. बंद केली की ते आपसूक गळून पडे. गॅरेजात तर ते देवाजवळ ठेवलेलं असे.

मायनं ते कडं पाहिलं. "म्हंजे मी बांधलं म्हनून?"

"तू बांधलं, मिस्तरीनं बांधलं, मी हात जोडले. तिघांत मिळून एकाची अक्कल नाही भरत."

ती हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि ते पाणी सगळंच हसण्याचं नव्हतं. मग पदर सावरून म्हणाली, "मंग तो 'थांब' म्हनून नव्हता राहिला. 'नाकावरचा हात काढ' म्हनून राहिला होता. चाल."

गाडी चढली. मंदिरात माय नेहमीपेक्षा लवकर बाहेर आली. काय मागितलं, मी विचारलं. "काही नाही. त्याले बी जरा श्वास घेऊ दे ना."

ते वानर कोण होतं यावर मी वाद घालत नाही. मी एवढंच जाणतो, की आम्ही प्रेमानं त्याच्याच नावाची गाठ अशी आवळली होती की त्यानं द्यायचं ठरवलं तरी वाट उरली नव्हती. त्यानं ती सोडवली, रागावला नाही, वर मायही मला परत दिली. माय आजही माझ्या शेजारी बसून नागपूरला येते. पूर्वी चढ आला की तिचे ओठ भराभर हलायचे. आता ती सरळ झोपून जाते, आणि मी तिची झोप मोडणार नाही इतक्या हळू गिअर बदलतो.