इनिक्विटी आणि आमची वाडी

रस्त्याला लागून आमची वाडी, तिच्यामागे चुलतभावाची, त्यापलीकडे खाडी. त्याला येण्याजाण्याची वाट आमच्यातूनच होती; वाटणीच्या वेळी बाबांनी तोंडी शब्द दिला होता. त्याच वाटेने त्याने मातीचे ट्रक आणले आणि बंगल्यासाठी आपली जमीन कमरेएवढी उंच केली.

पावसात आमचं पाणी खाडीकडे जाईना. सोनचाफ्याची झाडं गणपतीपर्यंत पाण्यात उभी राहिली. बाबा त्याला सांगायला गेले, तर तो जोत्यावरूनच म्हणाला, "काका, पाऊस काय मी पाडतो?"

झाडं मेली. बाबांनी स्वतः कलमं बांधून वाढवलेली. तोडायला त्यांनी गडी बोलावला नाही. एकेक स्वतः तोडलं आणि मग वाडीत पाऊल टाकायचंच सोडलं.

मी तहसीलदाराकडे तक्रार करायचं ठरवलं. माणिकपूरच्या वकिलाने इंग्रजीत अर्ज लिहिला, त्यात अन्यायासाठी ‘इनिक्विटी’ असा शब्द घातला. मला तो मिळमिळीत वाटला. परतताना शाळेत मला इंग्रजी शिकवलेले म्हातारे फादर चर्चच्या आवारात दिसले. त्यांना सगळं सांगून त्या शब्दाचं विचारलं.

"मिळमिळीत?" फादर म्हणाले. "अगं, लॅटिनमध्ये ‘एक्वूस’ म्हणजे सपाट, एका पातळीतलं. इक्वल त्यातूनच आला. त्याच्या आधी ‘इन’ लागलं की अर्थ ‘नाही’ असा होतो. जे एका पातळीत राहिलं नाही, ते. पुढे अन्यायालाही तोच शब्द, पापालाही तोच."

आमच्या वाडीत झालं होतं ते अगदी तेच.

"आता माफ करून टाक त्याला," ते म्हणाले.

"करेन, फादर. आधी जमीन सपाट होऊ दे."

अर्जाचं काही झालं नाही. साहेब आले, बघून गेले. मग मी वाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक लावलं आणि कुलूप घातलं. त्याच्या बंगल्याचा स्लॅब बाकी होता. दुसऱ्याच सकाळी तो धावत आला.

"ताई, वाट बंद का केलीस? काकांनी शब्द दिलाय!"

"मग काकांनाच विचार."

बाबा ओटीवर बसले होते. ते मला म्हणाले, "चहा टाक. दोनच कप, तुझा नि माझा."

त्याने बायकोला पाठवलं, आत्याला पाठवलं. नातं तुटेल, आत्या म्हणाली. तुटू दे, मी म्हटलं. शेवटी तो कबूल झाला. अट माझी होती: ट्रक रिकामे आत येतील, भरलेले बाहेर जातील. सगळा हिवाळा त्याची माती बाहेर जात होती. पाण्याच्या वाटेवर आलेला पोर्च त्याला फोडावा लागला. त्या दिवशी मी खुर्ची घेऊन वाडीतच बसले. हातोड्याचा प्रत्येक घाव मला गोड लागला. वाईट वाटायला हवं होतं, असं लोक म्हणतात. मला वाटलं नाही.

आता पाणी खाडीला जातं. चाफा गेला तो गेलाच. भावाला वाट दिली आहे, माणूस चालेल एवढीच. गाडी तो बाहेर आमच्या माडाखाली लावतो. गेल्या महिन्यात तिच्या काचेवर नारळ पडला. मी आंघोळ केली आणि देवापुढे साखर ठेवली.