मामांचा संत पॅट्रिक

आयर्लंडच्या संत पॅट्रिकचा सगळ्यात कट्टर भक्त बंगळुरात बनशंकरीला राहतो, रोज संध्या करतो आणि बिअरचं नाव काढलं तरी चूळ भरतो, हे सांगून कुणाला पटत नाही. पण ते माझ्या बायकोचे मामा असल्यामुळे मला पटवून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

मामांची मुलगी नोकरीसाठी डब्लिनला गेली. सतरा मार्चला तिकडे संताची सुट्टी, म्हणून ती घरी निवांत फोन करायची. तेवढ्या पुण्याईवर मामांनी तो सण आपल्या घरात घेतला. त्या दिवशी ते हिरवा सदरा घालतात, मामींना कोथिंबीर-पुदिन्याचं हिरवंगार ताक करायला लावतात आणि आम्हा सगळ्यांना बोलावतात. संताने शॅमरॉकचं तीन पानांचं रोप दाखवून तीन रूपांतला एकच देव समजावला, हे कळल्यावर तर मामा हरखलेच. शॅमरॉक कुठून आणणार? ते बेलाचं पान खिशाला लावून हिंडू लागले. एकाच बाबतीत त्यांचं संताशी पटत नाही. "सगळे साप हाकलले म्हणे त्यानं. बिचाऱ्यांनी जायचं कुठं?" असं म्हणून ते पिंपळाच्या कट्ट्यावरच्या नागाच्या दगडांना संताच्या वतीने दूध घालून येतात.

मग ताकाआधी गोष्ट. संताला लहानपणी चाच्यांनी पळवून आयर्लंडला नेलं, तिथे त्याने मेंढ्या राखल्या आणि एक दिवस निसटून तो आईबापांकडे परत आला. "आला घरी. संपली गोष्ट. सरी? ठीक ना?" असं मामा विचारतात. मी पुढचं वाचलं होतं. एकदा तोंड उघडणार, तोच मामींनी माझ्या पानात एवढी डाळीची कोसंबरी वाढली की बोलायची सोय उरली नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलगी खरोखरच परत आली. इथल्याच इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी धरली. मामा गल्लीभर पेढे वाटत फिरले. आणि यंदा डब्लिनच्या जुन्या ऑफिसने तिला पुन्हा बोलावलं. तिला जायचं होतं. पण हे ती मामींशी बोलली, अण्णांना, म्हणजे मामांना, सांगायचा धीर होईना.

सतरा मार्चला मामांनी गोष्ट नेहमीच्या जागी संपवली. मुलगी खाली बघत म्हणाली, "अण्णा, घरी आल्यावर पुढं काय झालं?"

मामांनी नुकताच उचललेला ताकाचा पेला खाली ठेवला. मामी दारातच थांबल्या.

"पुढं त्याला तिकडच्या लोकांची हाक ऐकू आली. स्वप्नात. गेला तो परत."

"आणि आईबाप?"

"ते काय करणार? चटणीपुडी बांधून दिली असेल," मामा म्हणाले, आणि खिशावरचं बेलाचं पान काढून त्यांनी तिच्या ओढणीला लावलं. टाचणी काही केल्या नीट बसेना. मग मामींकडे न बघताच म्हणाले, "अगं, चटणीपुडीची डाळ स्वल्प जास्त भाज. तिकडं हवा दमट आहे."

मला त्या क्षणी मामांचा फार अभिमान वाटला. आम्ही सगळे ताक प्यायलो. पुढच्या सतरा मार्चला तिकडून फोन येईल. मामा सदरा घालून सकाळपासूनच तयार बसतील.