वळवावळवीचे मामा

माझ्या बायकोच्या मामांच्या हातात गेलेली वस्तू जशी गेली तशीच परत आल्याचं अख्ख्या इंदुरात कुणी पाहिलेलं नाही. पोह्याची बशीसुद्धा ते आधी पुढे झुकवतात, मग बाजूला वळवतात, आणि जे उरेल ते खातात. महूच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवल्याचा हा परिणाम. एकदा लालबागच्या मेळ्यात त्यांनी एक लाकडी घोडा उचलला. आधी पुढे मग बाजूला, नि आधी बाजूला मग पुढे, असा फिरवून त्याचं तोंड दोन वेगळ्या दिशांना कसं येतं हे ते सांगत बसले. एवढी गर्दी जमली, की दुकानदार निवांत चहा पिऊन आला. मला पसंत करायला आले तेव्हाही पेढ्यांचा डबा हातात देऊन हाच प्रश्न, फिरवण्याचा क्रम बदलला तर काय होईल? मी छातीठोकपणे सांगितलं, कसाही फिरवा, सारखंच. मामा हिच्या आईला म्हणाले, "लडका अच्छा है, पण क्रम कळत नाही." तरी लग्न झालं, पेढे चांगले असावेत.

क्रम मला पुढेही कळला नाही. शेवेची पाकिटं खोक्यात उभी भरणाऱ्या यांत्रिक हाताचा प्रोग्राम लिहायचं काम माझ्याकडे आलं. वळण्याचे तीन कोन, प्रत्येकाचा एक मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा चौकोन. तिन्हींचा गुणाकार केला की पाकीट कसं धरायचं ते हाताला कळतं. बे त्रिक सहा नि तीन दुणे सहा, या विश्वासावर मी गुणून टाकलं. एकेक कोन तपासला, सगळं बढिया. तिन्ही एकदम दिले, तर पठ्ठ्या पाकिटं डोक्यावर उभी करू लागला. शनिवारी कारखान्याच्या मालकासमोर चाचणी. फसली तर काम जाणार आणि पाठोपाठ मी.

हिने मला ओढतच मामांकडे नेलं. त्यांनी मी सोबत नेलेलं नमुन्याचं पाकीट माझ्याच हाताने अर्धा तास फिरवून घेतलं. ते फोडलेलं आहे, हे सोफाभर शेव झाल्यावर कळलं. मामींनी झाडू माझ्या हातात दिला.

"जावईजी, मशीन आधी कुठे वळतं, हे कुणाला विचारलं होतं?" मामांनी विचारलं.

विचारलं नव्हतं. मामांनी तेच तीन मॅट्रिक्स उलट्या क्रमाने लिहून दिले.

शनिवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून स्वतः हजर. एकामागून एक पाकिटं सरळ उभी राहिली. मालक खूश, माझी नोकरी शाबूत. चहा आला तरी मामा मशीनपुढून हलेनात.

"इतकी वर्षं हे फळ्यावर फिरवलं, भिया," ते हळूच म्हणाले. "घंटा झाली की पुसून टाकायचो. चलता हुआ आज पहिल्यांदा बघतोय."

मग जरा संकोचून, थोडं थांबू या का, म्हणाले. शेवटचं खोकं भरेपर्यंत आम्ही थांबलो.